मु. पो. मिडलसेक्स

माझ्या आत्याकडे पत्त्यांची एक वही आहे. तांबड्या कापडी बांधणीची, उभट, वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी. आतोबा टपाल खात्यात होते, त्यामुळे आमच्या घराण्यात पत्ता ही गोष्ट पत्रिकेइतकी गांभीर्याने घेतली जाते. वहीच्या पानापानावर आतोबांनी पट्टीने रेघा मारून रकाने आखलेले आहेत : नाव, मु., पो., ता., जि. आतोबांना जाऊन पंधरा वर्षं झाली, पण रकाना रिकामा सोडायचा नाही हा त्यांचा दंडक आत्या अजून पाळते. ज्याचा तालुका कळत नाही त्याला तिचं दिवाळीचं पत्र जात नाही.

गेल्या दिवाळीत तिची लेखणी तीन ठिकाणी अडली. नातू आयर्लंडला नोकरीला गेलाय, त्याचा पत्ता ‘काउंटी कॉर्क’. पुतणी लग्न होऊन न्यू जर्सीतल्या एडिसनला गेली, तिथे ‘मिडलसेक्स काउंटी’. आणि धाकट्या मुलाने पुण्यात हिंजवडीच्या पुढे फ्लॅट घेतला, त्या संकुलाच्या नावातही शेवटी काउंटी.

“तू पेपरात होतास,” आत्या साताऱ्याहून फोनवर म्हणाली, “काउंटी म्हणजे आपला तालुका का जिल्हा, एवढंच सांग.”

मी पेपरात होतो हे खरं. बत्तीस वर्षं क्रीडा पान लावलं, आणि त्यात काउंटी हा शब्द किती हजार वेळा छापला याची मोजदाद नाही. पण काउंटी म्हणजे काय हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. आमच्या लेखी काउंटी म्हणजे आपले खेळाडू उन्हाळ्यात जिथे जाऊन चार पैसे मिळवतात आणि स्विंग खेळायला शिकून येतात ती जागा. शिवाय ‘वॉर्सेस्टरशायर’ एका कॉलमाच्या मथळ्यात बसत नाही, एवढं व्यावसायिक ज्ञान होतं. त्याचा खरा उच्चार ‘वुस्टरशर’ असा आटोपशीर आहे आणि तो सहज बसला असता, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

“जिल्हा,” मी ठोकून दिलं.

“बरं. मग तिथला कलेक्टर कोण?”

इथे मला एकदम रेंज येईनाशी झाली.

त्यानंतरचा महिनाभर मी जे वाचलं त्याने माझी झोप उडाली. शब्दाची कुळकथा तशी सरळ आहे. फ्रान्सात राजाच्या वतीने मुलूख सांभाळणारा सरदार तो काउंट, त्याचा मुलूख ती काउंटी. १०६६ साली नॉर्मन लोक इंग्लंडात उतरले तेव्हा सामानातून हा शब्द घेऊन आले. इंग्लंडात सॅक्सनांनी आपले ‘शायर’ आधीच आखून ठेवले होते. नॉर्मनांनी त्याच हद्दींवर नवी पाटी ठोकली. पण सरदाराच्या बाबतीत इंग्रज अडून बसले. त्यांच्याकडे ‘अर्ल’ होता तोच राहिला, काउंट काही त्यांनी घरात घेतला नाही. गंमत म्हणजे अर्लच्या बायकोला मात्र काउंटेस म्हणतात. म्हणजे काउंटी आहे, काउंटेस आहे, काउंट तेवढा नाही. सासर आहे, सासुरवाशीण आहे, नवऱ्याचा पत्ता नाही, असा हा संसार साडेनऊशे वर्षं बिनबोभाट चालला आहे.

आत्याचा कलेक्टर मात्र मला सापडला. शायरचा कारभारी तो ‘रीव्ह’. शायर-रीव्ह, शायर-रीव्ह असं घाईघाईने म्हणत त्याचा ‘शेरीफ’ झाला. सारा वसूल करणं, चोर पकडणं, राजाची आज्ञा वाचून दाखवणं, सगळं त्याच्याकडे. म्हणजे कलेक्टर आणि फौजदार एकाच टोपीखाली. आज इंग्लंडातल्या प्रत्येक काउंटीचा ‘हाय शेरीफ’ असतो तो वर्षभरासाठी, बिनपगारी, आणि मखमली पोशाख व तलवारीसह सगळा खर्च त्याच्या पदरचा. त्याची नेमणूक करताना राजा सही करत नाही, टिचकीही मारत नाही. चर्मपत्रावरच्या यादीत त्याच्या नावापुढे दाभणाने भोक पाडतो. जे काम आपल्याकडे गोणी शिवताना होतं ते तिथे राजवाड्यात होतं.

हा शेरीफ इंग्रजांनी मुंबईतही आणून बसवला. आपण त्याला ‘नगरपाल’ म्हणतो. पद तेच, वर्षभराचं, बिनपगारी, मानाचं. मुंबईत शायर पुष्कळ झाले, पण ते वेगळे. इंग्रजी अर्थाचा शायर नसलेल्या गावाला त्या शायरचा कारभारी मिळाला, ही आपली मिळकत. सुनील गावसकर १९८० मध्ये सॉमरसेट काउंटीकडून खेळले आणि १९९४ मध्ये मुंबईचे नगरपाल झाले. काउंटी आणि तिचा कारभारी ही दोन्ही सुखं भोगलेला दुसरा मराठी माणूस मला तरी ठाऊक नाही.

आता मिडलसेक्स. पुतणीचा पत्ता लिहून घेताना आत्याने हे नाव तीनदा विचारून घेतलं होतं, आणि तिसऱ्यांदा आवाज खाली आणून. तिला मी समजावलं की त्यात तसं काही नाही, सॅक्सन लोकांपैकी जे पूर्वेला राहिले त्यांचं एसेक्स, दक्षिणेच्यांचं ससेक्स आणि मधल्यांचं मिडलसेक्स. आपल्याकडे मधली आळी असते तसं. “मग मधली आळीच लिहिते,” ती म्हणाली. पण ही मधली आळी मी इंग्लंडच्या नकाशात शोधायला गेलो, तर ती नव्हतीच. १ एप्रिल १९६५ रोजी सरकारने मिडलसेक्सची काउंटी कौन्सिल बरखास्त केली आणि जवळजवळ सगळा प्रदेश बृहन्लंडनच्या घशात घातला.

बत्तीस वर्षं मी मिडलसेक्सचे धावफलक छापत होतो. त्यातलं एकही वर्ष १९६५ च्या आधीचं नव्हतं. म्हणजे मी इमानेइतबारे एका दिवंगत जिल्ह्याच्या बातम्या देत होतो, आणि तो जिल्हा दर उन्हाळ्यात मैदानात उतरत होता. नुसता उतरत नव्हता, जिंकत होता. काउंटी जिवंत असताना मिडलसेक्सने अजिंक्यपद एकट्याने चार वेळा मिळवलं. बरखास्त झाल्यापासून सात वेळा, त्यातलं शेवटचं २०१६ मध्ये. सरकारी जाच सुटल्यावर माणसाची प्रकृती सुधारते हे मी स्वतः निवृत्तीनंतर अनुभवलं आहे, पण जिल्ह्याचीही सुधारते हे नवीन होतं.

त्यांचं मैदान लॉर्ड्स. ते तर १८८९ मध्येच मिडलसेक्समधून काढून नव्या लंडन काउंटीत घातलेलं. त्याच वेळी सरेचं ओव्हल मैदानही सरेतून गेलं. ओल्ड ट्रॅफर्ड लँकेशरच्या कारभारातून १९७४ मध्ये सुटून बृहन्मँचेस्टरमध्ये गेलं, आणि वॉरविकशरचं एजबॅस्टन त्याच वर्षी वेस्ट मिडलंड्समध्ये. संघ काउंटीचा, मैदान परमुलखात. पण सरेची कमाल याच्याही पुढची. त्यांच्या काउंटी कौन्सिलचं मुख्यालय किंग्स्टन गावात होतं, ते गाव १९६५ मध्ये लंडनमध्ये गेलं, आणि तरीही कौन्सिल २०२० सरेपर्यंत तिथेच बसून राहिली. पंचावन्न वर्षं सरेचा कारभार सरेच्या बाहेरून. साताऱ्याच्या कलेक्टरने पुण्यात कचेरी मांडावी, आणि कुणी विचारलं तर खुर्च्या हलवायला जड आहेत म्हणावं, तसं. अर्थात एका राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन रणजी संघ उतरवणाऱ्या आपण यावर फार मोठ्याने हसू नये.

१९७४ साली तर इंग्लंडच्या सरकारने सगळा नकाशाच धुवायला काढला. तारीख पुन्हा १ एप्रिल. आर्थिक वर्ष तेव्हा सुरू होतं म्हणून, दुसरं काही नाही. नद्यांच्या नावांनी नव्या काउंट्या काढल्या, त्यांतली एक ‘ॲव्हन’. ॲव्हन या जुन्या केल्टिक शब्दाचा अर्थच मुळी नदी. म्हणजे नदीचं नाव ‘नदी नदी’ आणि काउंटीचं नाव ‘नदी जिल्हा’. लोकांना ती कधीच आपली वाटली नाही, आणि १९९६ च्या १ एप्रिलला ती विसर्जित झाली. बावीस वर्षं म्हणजे जिल्ह्याला पुरतं मिसरूडही फुटत नाही.

त्याच झपाट्यात रटलंड नावाची काउंटी लेस्टरशरमध्ये विलीन केली. रटलंड म्हणजे पावणेचारशे-चारशे चौरस किलोमीटर, आजची वस्ती जेमतेम चाळीस हजार. आपल्याकडे एवढ्याशाला वेगळा तालुका मागायलाही लोक लाजतील. पण रटलंडवाले लाजले नाहीत. तेवीस वर्षं त्यांनी कुरकुर अशी नेटाने चालू ठेवली की १९९७ मध्ये सरकारने कंटाळून त्यांचा कारभार त्यांना परत दिला. तारीख सांगायला नकोच. त्यांचं लॅटिन बोधवाक्य मराठीत अगदी तयार मिळतं : मूर्ती लहान, कीर्ती महान.

एवढं सगळं करून इंग्लंडात आज काउंटीचे निदान तीन प्रकार शिल्लक आहेत. ऐतिहासिक एकोणचाळीस, ज्या लोकांच्या मनात आहेत. समारंभी अठ्ठेचाळीस, जिथे राजाचा प्रतिनिधी ‘लॉर्ड लेफ्टनंट’ म्हणून असतो आणि राजा आला की स्वागताला उभा राहतो. आणि कारभाराच्या, ज्या दर काही वर्षांनी बदलतात आणि कचरा उचलण्यावरून शिव्या खातात. एकच माणूस जन्माने एकीत, झेंड्याने दुसरीत आणि कचऱ्याने तिसरीत असू शकतो. टपाल खात्याने १९९६ मध्ये हात टेकले आणि सांगितलं, पत्त्यात काउंटी लिहिण्याची गरज नाही, पोस्टकोड पुरे.

ही बातमी मी आत्याला मुद्दाम सांगितली. तिने लगेच विषय घरी आणला. आपला पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो रचला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, संस्कृतात कविता करणारा आपला मराठी माणूस, हे आतोबा आल्यागेल्याला सांगत. “पण सहा आकडे आले म्हणून तुझ्या आतोबांनी जि. चा रकाना खोडला का?” नाही खोडला. इंग्रजांनीही खोडला नाही. साठ वर्षांपूर्वी गेलेलं मिडलसेक्स ते अजून पाकिटावर लिहितात.

यॉर्कशरचं प्रकरण याहून हळवं आहे. यॉर्कशरच्या संघातून खेळायचं तर जन्म यॉर्कशरच्या हद्दीत झालेला पाहिजे, असा तिथला अलिखित पण पोलादी दंडक होता. त्यामुळे बाहेरगावी नोकरीला असलेले यॉर्कशरवाले बायकोला बाळंतपणासाठी गावी आणून ठेवत, मुलगा निघाला आणि फलंदाज निघाला तर पंचाईत नको, असं सांगतात. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत आपण आपली समजत होतो. फरक इतकाच, की आपल्याकडे ती लेकीच्या काळजीपोटी, तिथे सलामीच्या जोडीच्या. या दंडकाचा सर्वांत मोठा राखणदार लॉर्ड हॉक, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं कर्णधार. तो स्वतः जन्मला होता लिंकनशरमध्ये. सोवळं कडक असलं की ते नेसणाऱ्याला माफ असतं.

अखेर १९९२ मध्ये यॉर्कशरने बाहेरचा खेळाडू घेतला, आणि त्यांच्याकडून उतरलेला पहिला परदेशी निघाला सचिन तेंडुलकर. वय एकोणीस, जन्म दादरचा. त्या दिवशी मी आठ कॉलमी मथळा दिला होता. शंभराहून जास्त वर्षं शेजारच्या लँकेशरचं पोर ज्यांना चाललं नाही त्यांना साहित्य सहवासातलं चाललं, यातली खरी बातमी माझ्या हातून सुटली. मी लिहिलं होतं : ‘सचिन यॉर्कशायरकडून’.

याच यॉर्कशरचे पूर्वी तीन भाग होते, त्यांना ‘रायडिंग’ म्हणत. त्याचा घोड्यावर बसण्याशी संबंध नाही. हा नॉर्स लोकांचा शब्द, अर्थ तिसरा हिस्सा. आपल्या जुन्या वसुलीतली तिजाईच. उत्तर, पूर्व, पश्चिम असे तीन हिस्से, हिशेब चोख. हा शब्द पुढे आयर्लंडात गेला आणि टिपेररी काउंटीचे रायडिंग पाडले : उत्तर आणि दक्षिण. दोनच. एका भाकरीचे दोन तिसरे हिस्से करून दोघांनी पोटभर खाल्ले आणि १८३८ पासून पावणेदोनशे वर्षं कुणाला कमी पडलं नाही. कॅनडात तर मतदारसंघालाच बोलीभाषेत रायडिंग म्हणतात, म्हणजे त्या देशाचे सध्या तीनशेहून जास्त तिसरे हिस्से आहेत.

आयर्लंडात आत्याचा नातू आहे, म्हणून तिथली चौकशी मी जरा आस्थेने केली. बेटावर बत्तीस काउंट्या, सव्वीस प्रजासत्ताकात आणि सहा उत्तर आयर्लंडात. साऱ्या इंग्रजी राजवटीने आखलेल्या, शेवटची विकलो १६०६ मध्ये. पुढे १८८४ मध्ये आयरिश खेळ जगवण्यासाठी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन निघाली. इंग्रजी खेळांचा तिला एवढा विटाळ, की क्रिकेट किंवा फुटबॉल खेळलात, नुसतं पाहिलंत तरी सभासदत्व जाई, आणि ही बंदी थेट १९७१ पर्यंत होती. आणि या संघटनेने आपले संघ कशावर उभे केले? इंग्रजांनी आखलेल्या काउंट्यांवर. आज आयरिश माणसाला देशाइतकीच काउंटी प्यारी आहे. उत्तरेतल्या सहा काउंट्यांच्या कौन्सिली १९७३ मध्ये गेल्या, पण संघ आहेत. लंडन आणि न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या आयरिश लोकांचेही संघ आहेत आणि ते आयर्लंडच्या कॉनॉट प्रांताच्या स्पर्धेत उतरतात. होय, दिल्लीच्या कॉनॉट प्लेसवाल्या ड्यूकच्या पदवीतलं तेच कॉनॉट. इंग्रजांना लंडन कुठल्या काउंटीत घालावं हे शतकभर धड ठरवता आलं नाही. आयरिश लोकांनी सरळ आपल्या प्रांतात घातलं.

नातू सांगतो, की तिथे गाडीच्या नंबरात आधी साल, मग काउंटीचं अक्षर : कॉर्कला सी, डब्लिनला डी. डब्लिनची गाडी कॉर्कच्या अरुंद रस्त्यात अडली की मागचा माणूस अक्षर बघून मान हलवतो. एमएच १२ ची गाडी कोल्हापुरात चुकीच्या बाजूने घुसली की जी मान हलते, तीच. २०१३ साली तिथे मोठा पेच पडला. नंबराच्या सुरुवातीला १३ आला तर अशुभ म्हणून गाड्या खपणार नाहीत, अशी धास्ती विक्रेत्यांना वाटली. मग वर्षाचे दोन भाग केले आणि १३१ व १३२ असे आकडे काढले. युरोपात राहून पोराला परकं वाटत नाही, ते उगीच नाही.

अमेरिकेत हा शब्द पोचल्यावर मात्र त्याला काही धरबंधच राहिला नाही. तिथे तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत. डेलावेअर राज्यात तीन, टेक्सासमध्ये दोनशे चोपन्न. शेतकऱ्याला घोड्यावरून कचेरीत जाऊन दिवसात परत येता यावं एवढी काउंटी, असा हिशेब होता म्हणतात. पण घोडे बहुधा वेगवेगळ्या जातीचे असावेत. कारण लॉस एंजलिस काउंटीत जवळजवळ एक कोटी माणसं राहतात आणि त्यांचा कारभार पाच जणांचं मंडळ बघतं. उलट टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत माणसं निघाली चौसष्ट. सतराशे चौरस किलोमीटरहून मोठा मुलूख, न्यायाधीश आहे, शेरीफ आहे, क्लार्क आहे, आणि सगळे निवडून आलेले. चौसष्ट माणसांत गुप्त मतदान कसं होत असेल? आमच्या वाड्यात गणपतीच्या अध्यक्षाची निवडणूक व्हायची तेव्हा बत्तीस मतदार होते, आणि कुणी कुणाला मत दिलं हे मोजणीच्या आधी नळावर जाहीर व्हायचं.

लुइझियानात काउंटीला ‘पॅरिश’ म्हणतात, अलास्कात ‘बरो’. न्यूयॉर्क शहरात काउंटी नाही, काउंट्यांमध्ये शहर आहे. एका शहरात पाच. ब्रुकलिन म्हणजे कागदोपत्री ‘किंग्ज काउंटी’. ऱ्होड आयलंडमध्ये काउंट्या आहेत पण त्यांचं सरकारच नाही, नुसतीच नावं. आणि वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीचं शहाणपण तर आपल्या विधिमंडळाने अभ्यास दौरा काढून पाहावं. १८५२ मध्ये तिला नाव दिलं विल्यम रुफस किंग या होऊ घातलेल्या उपाध्यक्षाचं. हा गृहस्थ गुलाम बाळगणारा. १९८६ मध्ये काउंटीच्या कौन्सिलने ठराव केला, की आजपासून आमचा किंग तो नव्हे, मार्टिन ल्यूथर किंग. २००५ मध्ये राज्यानेही कायदा करून मान हलवली. नाव तेच, माणूस बदलला. नावातलं एक अक्षरही हललं नाही.

पुतणीची मिडलसेक्स काउंटी न्यू जर्सीतली. तिला विचारलं, तर म्हणाली, “काका, काउंटी म्हणजे ज्युरीला बोलावणं येतं ते, आणि घरपट्टीच्या बिलातली एक ओळ.” या काउंटीचं मंडळ २०२० संपेपर्यंत ‘निवडलेले फ्रीहोल्डर’ या नावाने ओळखलं जाई. फ्रीहोल्डर म्हणजे स्वतःच्या मालकीची जमीन असलेला, आपल्या भाषेत मिरासदार. अडीचशेहून जास्त वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की हे नाव लोकांना कळत नाही, आणि कळलं तर आवडत नाही.

तिथून मी जगभरची मिडलसेक्सं गोळा करायचा नाद लावून घेतला. मॅसॅच्युसेट्समध्ये मिडलसेक्स आहे, हार्वर्ड त्यातच. तिचं सरकार १९९७ मध्ये गेलं. कनेक्टिकटमध्ये आहे, तिचं १९६० मध्ये गेलं. व्हर्जिनियातली धडधाकट आहे. कॅनडात थेम्स नावाच्या नदीवर लंडन नावाचं शहर आहे आणि त्याच्याभोवती मिडलसेक्स नावाची काउंटी, पण लंडन तिच्या कारभारात नाही. भांडणसुद्धा बोटीत घालून नेलं होतं! जमैकात तीन काउंट्या : कॉर्नवॉल, मिडलसेक्स आणि सरे. इंग्लंडातल्या सरेची कचेरी हरवली, मिडलसेक्स तर मुळातूनच गेलं. जमैकात दोघी बहिणी सुखरूप नांदताहेत, कारण त्यांना काही कामच दिलेलं नाही.

बाकीचं जग मी भराभर उरकलं. केनियाने २०१० च्या राज्यघटनेत सत्तेचाळीस काउंट्या केल्या, त्यांना क्रमांक दिले, मोंबासा १ आणि नैरोबी ४७, आणि स्वाहिलीत शब्दही जवळजवळ आपल्यासारखाच घेतला, ‘काउंटी’. हंगेरीला आपला साधा ‘मेग्ये’ हा शब्द २०२२ मध्ये बेचव वाटायला लागला, म्हणून त्यांनी जुना ‘वारमेग्ये’ काढला, म्हणजे गड-काउंटी. गड होते तिथेच राहिले, टपाल खर्च वाढला असेल. चीनमध्ये ज्याला इंग्रजी भाषांतरात काउंटी म्हणतात तो ‘श्यान’ दोन हजारांहून जास्त वर्षांचा, म्हणजे नॉर्मनांचे पूर्वज रांगतही नव्हते तेव्हापासूनचा. तिथे शहराच्या पोटात काउंटी असते, आणि त्याच मोठ्या शहराच्या पोटात ‘काउंटीच्या दर्जाचं शहर’ही असतं. हे मी आत्याला सांगितलेलं नाही. तिच्या ओळखीचं चीनमध्ये कुणी नाही, आणि ईश्वरकृपेने पुढेही नसावं.

राहता राहिली पुण्याची काउंटी. ती बघायला मी वास्तुशांतीला गेलो होतो. कमानीशी चार रोमन खांब, आत आठ टोलेजंग इमारती, मधोमध कारंजं, आणि कारंजं बंद ठेवून टँकरची वाट पाहणारं व्यवस्थापन. ही काउंटी तालुका मुळशी, जिल्हा पुणे यात मोडते. म्हणजे जगात कुठे काउंटी जिल्ह्याएवढी, कुठे राज्याच्या खालोखाल, आणि आपल्याकडे ती तालुक्यातल्या एका गावाच्या एका गटनंबरात बसते. तरी लोकसंख्येत आम्ही लव्हिंग काउंटीला कधीच मागे टाकलंय. चौसष्ट माणसं सकाळी साडेआठला एका विंगच्या लिफ्टसमोर उभी असतात. आणि आत्याच्या प्रश्नाचं पुरतं उत्तरही तिथेच मिळालं. काउंट म्हणजे सोसायटीचा चेअरमन. शेरीफ म्हणजे सेक्रेटरी : वर्षभराचं बिनपगारी पद, शिव्या पदरच्या, आणि थकलेल्या मेंटेनन्सची वसुली त्याच्याकडे. अकराव्या शतकातला शायर-रीव्ह हुबेहूब बघायचा असेल तर इंग्लंडला जायची गरज नाही, हिंजवडीच्या पुढे रिक्षा मिळते.

हे सगळं कागदावर मुद्देसूद उतरवून मी गेल्या महिन्यात साताऱ्याला गेलो. आत्याने वही पुढे ओढली, चष्मा लावला. कॉर्कला जि. लिहिला. एडिसनलाही जि. लिहिला, ता. च्या रकान्यात जरा थबकून ‘मधली आळी’ लिहिलं. पुण्याची काउंटी तिने कुठल्याच रकान्यात घेतली नाही, समासात लिहिली : खूण, रोमन खांब.

“पण इंग्लंडातली ती मूळची मिडलसेक्स,” मी म्हणालो, “ती आता नाहीच आहे आत्या. साठ वर्षं झाली. तरी माणसं पत्त्यात लिहितात, बोल!”

“मग काय झालं?” ती म्हणाली, आणि वहीचं पहिलं पान काढून माझ्यापुढे धरलं. तिथे आमच्याच घरचा, तिच्या माहेरचा पत्ता होता, आतोबांच्या वळणदार अक्षरात, लग्नाच्या वर्षी, १९५९ मध्ये लिहिलेला : मु. पो. विटे, ता. खानापूर, जि. दक्षिण सातारा.

“दक्षिण सातारा म्हणजे सांगली ना गं,” मी म्हणालो. “साठ सालीच बदललं ते.”

“तेच सांगते. मी दक्षिण साताऱ्यातनं लग्न होऊन उत्तर साताऱ्यात आले. वर्ष-दीड वर्ष झालं असेल, सरकारनं दोन्ही पुसून टाकले. सासरही गेलं, माहेरही गेलं. तुझ्या आतोबांनी लाल शाई आणली होती दुरुस्त करायला.”

“मग?”

“मी म्हटलं, माझ्या माहेरच्या पानाला हात लावायचा नाही.”

आतोबा पस्तीस वर्षं टपाल खात्यात होते, आणि या एका पत्त्यावर त्यांनी दर दिवाळीला चुकीचा जिल्हा लिहिला. पत्र दर वर्षी पोचलं. मला आठवतं, पोस्टमन अंगणातूनच ओरडायचा, “दक्षिण साताऱ्याचं आलंय!”